तहान मारू नका!

उन्हाळा सुरू झाला की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, दिवसाला पाणी नेमके किती प्यावे?’ विचारणाऱ्यांच्या घरी बहुधा माठ, फिल्टर, फ्रिज सगळे असते. कोणी आठ ग्लास मोजून पितो, कोणी चार लिटरचा नेम धरतो, तर कोणी सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर पाणी पोटात रिचवतो. ज्यांना पाण्याची खरी गरज आहे ती मंडळी मात्र हा प्रश्न विचारत नाहीत. ती तहान मारून बसतात. आजचा लेख दोघांसाठीही आहे.

शरीराचा जमाखर्च

प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. स्त्रियांच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असल्याने हा आकडा ५० ते ५५ टक्के इतका येतो. नवजात बाळात तो ७५ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे साठ किलो वजनाचा माणूस ३५-३६ लिटर पाणी अंगात घेऊन हिंडत असतो. रक्त वाहते ठेवणे, घामावाटे अंग थंड राखणे, अन्नरस पेशींपर्यंत पोचवणे आणि नको असलेली द्रव्ये बाहेर टाकणे ही सारी कामे या पाण्याच्या जिवावर चालतात.

यातले शेवटचे काम मूत्रपिंडे, म्हणजे आपण ज्यांना किडनी म्हणतो ती करतात. मुठीएवढे हे दोन अवयव दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा पुन्हा रक्तात घेतात आणि उरलेला दीडेक लिटर लघवी म्हणून बाहेर सोडतात. याशिवाय श्वासातून आणि त्वचेतून पाऊण-एक लिटर पाणी आपल्या नकळत उडून जाते. थोडे शौचावाटे जाते. घाम आला तर तो वेगळा. म्हणजे सावलीत बसून काम करणाऱ्या माणसाचाही रोजचा खर्च अडीच लिटरच्या घरात जातो.

हा खर्च केवळ ग्लासातल्या पाण्याने भरून निघत नाही. आमटी, कालवण, भात, भाजी, ताक, फळे यांतूनही पाणी पोटात जाते. काकडी आणि कलिंगड यांत तर नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. चहाही हिशेबात धरावा. चहाने अंगातले पाणी आटते, ही समजूत रोजच्या दोन-तीन कपांबाबत खरी नाही.

जमेपेक्षा खर्च वाढला की शरीर कुरकुरू लागते. वजनाच्या दोन टक्के इतके पाणी कमी झाले, म्हणजे साठ किलोच्या माणसात सव्वा लिटरच्या आसपास, की डोके जड होते, कामात लक्ष लागत नाही, चिडचिड होते, थकवा येतो. दुपारी चारच्या सुमाराला दुखणाऱ्या डोक्यावर गोळी घेण्यापूर्वी, सकाळपासून आपण पाणी किती प्यायलो हे एकदा आठवून पाहावे.

आठ ग्लासांचे मूळ

‘रोज आठ ग्लास’ हा नियम कोठून आला? १९४५ साली अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या एका मंडळाने प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते, असे सांगितले. त्याच जागी त्यांनी असेही लिहिले होते, की यातला बराचसा भाग आपल्या खाण्यातूनच मिळतो. लोकांनी पहिले वाक्य लक्षात ठेवले आणि दुसरे सोडून दिले! पुढे २००२ साली हाइन्झ व्हाल्टिन या अमेरिकन मूत्रपिंडतज्ज्ञाने या आठ ग्लासांना शास्त्रीय आधार काय, याचा कसून शोध घेतला. निरोगी माणसाने एवढे पाणी प्यायलेच पाहिजे, असा पुरावा त्यांना सापडला नाही.

युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली स्त्रियांसाठी दिवसाला दोन लिटर आणि पुरुषांसाठी अडीच लिटर हे प्रमाण सांगितले, तेही अन्नातले पाणी धरून आणि बेताच्या हवामानात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेथे हे आकडे अपुरे पडतात. विदर्भातला गवंडी आणि महाबळेश्वरातला हॉटेलमालक यांना एकच माप लावून कसे चालेल?

म्हणून मी रुग्णांना ग्लास मोजायला सांगत नाही, लघवीचा रंग पाहायला सांगतो. सकाळची पहिली लघवी गडद असणारच, ती सोडून द्यावी. त्यानंतर दिवसभर ती फिकट पिवळी, गवताच्या वाळल्या काडीसारखी असेल आणि तीन-चार तासांनी होत असेल, तर पाणी पुरेसे जात आहे. ती गडद पिवळी, उग्र वासाची, थोडी थोडी होत असेल, तर पाणी कमी पडते आहे. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू असल्या तर मात्र रंग पिवळाधमक येतो, त्याने घाबरू नये. गरीब-श्रीमंत सगळ्यांना जमणारी ही तपासणी आहे आणि तिला प्रयोगशाळेची पावती फाडावी लागत नाही.

कांतीसाठी पाणी

‘भरपूर पाणी प्या, चेहरा उजळेल’ हे वाक्य आपण जाहिरातींत आणि मैत्रिणींच्या गप्पांत सारखे ऐकतो. यात तथ्य किती?

ज्या व्यक्ती मुळातच फार कमी पाणी पितात, त्यांनी ते वाढवले तर त्वचेत थोडा फरक पडतो. ओठ सुकत नाहीत, चेहऱ्यावरची मरगळ कमी होते. डोके शांत राहिले, पोट साफ झाले, तर चेहरा टवटवीत दिसणारच. परंतु जी व्यक्ती पुरेसे पाणी पिते, तिने आणखी दोन लिटर वाढवल्याने सुरकुत्या जात नाहीत, तारुण्यपीटिका जात नाहीत आणि रंगही उजळत नाही. जादा पाणी चेहऱ्याकडे न जाता तासाभरात लघवीवाटे निघून जाते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मऊ राहतो तो त्यातला ओलावा टिकून राहिल्यामुळे. हिवाळ्यातली कोरडी हवा, कढत पाण्याची आंघोळ आणि उग्र साबण हा ओलावा पळवतात. त्यावर उपाय बाहेरून करावा. आंघोळ कोमट पाण्याने करावी आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधी व्हॅसलिन लावावी. टाचांच्या भेगांनाही हेच लागू. अकाली सुरकुत्यांची मोठी कारणे दोन, ऊन आणि तंबाखू. डोक्यावरचा पदर, टोपी किंवा छत्री यांनी चेहऱ्याचे जेवढे भले होते, तेवढे महागड्या क्रीमच्या डब्याने होत नाही. आणि चेहरा फिकट, निस्तेज दिसत असेल, तर पाण्याचे ग्लास वाढवण्याआधी रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आपल्या भागात अनेक मुलींच्या निस्तेज चेहऱ्यामागे पांढुरकेपणा, म्हणजे ॲनिमिया असतो.

पाण्याचा सौंदर्याला एक खरा आणि मोठा फायदा आहे, तो वजनाच्या बाबतीत. कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. तहान लागल्यावर रोज अशी एक बाटली पिणाऱ्याने तिच्या जागी माठातले पाणी प्यायले, तर महिन्याला जवळजवळ किलोभर साखर वाचते. कंबरेचा घेर आटोक्यात ठेवायला यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

मूतखडा : पाणी हेच औषध

पाण्याचा फायदा जेथे निर्विवाद सिद्ध झाला आहे, असे दुखणे म्हणजे मूतखडा. कमरेतून जांघेकडे जाणारी ती कळ ज्याने सोसली, त्याला वेगळे सांगायला नको. लघवी कमी आणि दाट झाली की तिच्यातले क्षार विरघळलेले राहत नाहीत, त्यांचे खडे होतात. म्हणून उन्हाळ्यात आणि उन्हाळ्याच्या शेवटी असे रुग्ण वाढतात.

इटलीतील डॉक्टरांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा केला आणि १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोज दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्या गटात १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, तर नेहमीसारखे पाणी पिणाऱ्यांत २७ टक्के लोकांना. कोणतेही औषध न देता, केवळ पाण्याने त्रास निम्म्याहून खाली आला! ज्यांना एकदा खडा होऊन गेला आहे, त्यांनी दोन-अडीच लिटर लघवी होईल एवढे पाणी प्यावे. त्यासाठी साधारण तीन लिटर पाणी लागते, उन्हात काम असेल तर अधिक. दोन घोट रात्री झोपतानाही घ्यावेत.

‘आमच्या बोअरचे पाणी जड आहे, म्हणून खडे होतात’ असे पुष्कळजण म्हणतात आणि त्या भीतीने ते पाणी आणखी कमी पितात. पाणी जड असण्यापेक्षा पाणी कमी पिणे हे खड्याचे फार मोठे कारण आहे. दूध बंद करण्याचीही गरज नाही, बंद करायचे तर लोणची, पापड आणि वरून घेतलेले मीठ बंद करावे. हुलग्याचे कढण घ्यायला हरकत नाही, निदान त्या निमित्ताने पाणी तरी पोटात जाते. बिअरने खडा पडतो, हा मित्रांचा सल्ला मात्र ऐकू नये. मद्याने आधी लघवी वाढते आणि मग अंग कोरडे पडते, शिवाय युरिक ॲसिड वाढते ते वेगळेच.

बायका पाणी का पीत नाहीत?

आता या लेखातल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. लघवीची जळजळ, म्हणजे उन्हाळी लागली म्हणून येणाऱ्या स्त्रियांना मी एक प्रश्न नेहमी विचारतो, ‘दिवसभरात पाणी किती पिता?’ उत्तर ठरलेले असते. ‘घरातून निघताना एक कप चहा, मग संध्याकाळी घरी आल्यावर.’ यांत एसटीने रोज जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्या शिक्षिका असतात, बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या मावशी असतात, कापूस वेचायला जाणाऱ्या मजूर बायका असतात आणि दहावी-बारावीच्या मुली असतात. यांतल्या कोणालाही पाण्याचे महत्त्व ठाऊक नसते असे नाही. पाणी प्यायले की जावे लागणार आणि जायला जागा नाही, एवढे साधे गणित आहे.

पुरुष आडोसा शोधतो आणि मोकळा होतो. बाईला तसे करता येत नाही. बाजाराच्या आवारात स्वच्छतागृह असते, पण त्याला कुलूप असते. कुलूप नसेल तर पाणी नसते, पाणी असेल तर कडी नसते. शेतात काम करणारी बाई अंधार पडण्याची वाट पाहते. पाळीच्या दिवसांत हे हाल दुप्पट होतात. २०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यानंतर घरोघरी शौचालये झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु बाई दिवसाचे दहा तास घराबाहेर असते, त्या वेळेचे काय? मुंबईत २०११ साली स्त्रियांनी ‘राइट टू पी’, म्हणजे लघवीला जाण्याच्या हक्काची चळवळ सुरू केली, तेव्हा अनेकांना त्या नावाचे हसू आले होते. रोज दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरला त्यात हसण्यासारखे काही दिसणार नाही.

शरीरशास्त्र पाहा. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असतो, पुरुषाचा सुमारे वीस सेंटिमीटर. त्यामुळे बाहेरचे जंतू स्त्रीच्या मूत्राशयात लवकर पोचतात. दर तीन-चार तासांनी भरपूर लघवी झाली तर ते धुऊन जातात. लघवी तुंबून राहिली की त्यांना वाढायला निवांत वेळ मिळतो. मग जळजळ, वारंवार थेंब थेंब होणे, ओटीपोटात दुखणे सुरू होते. जंतू वर मूत्रपिंडांपर्यंत चढले की हुडहुडी भरून ताप येतो, पाठ दुखते, उलट्या होतात. गरोदरपणात हे दुखणे अंगावर काढले तर दिवस भरण्यापूर्वी बाळंतपण होण्याचा धोका असतो.

पाणी वाढवल्याने यात खरेच फरक पडतो का? वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरहून कमी द्रवपदार्थ घेणाऱ्या १४० स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा. प्रतिजैविक औषधांचे डोसही तेवढे कमी लागले.

पण स्वच्छतागृह नसेल तर हा सल्ला कागदावरच राहतो. म्हणून ‘बायांनो, पाणी प्या’ असे सांगून मला थांबता येत नाही. ज्यांच्या हाती काही आहे त्यांना सांगायचे आहे. मुख्याध्यापकांनी मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जाऊन पाहावे. नळाला पाणी आहे का, दाराला कडी आहे का, हे पाहायला अनुदान लागत नाही. केरळमध्ये २०१९ साली शाळांतून ठरावीक वेळी पाणी पिण्याची घंटा वाजू लागली. आपल्याही शाळांनी ती जरूर वाजवावी, मात्र घंटेनंतर जायला जागा असावी. बाजार समितीने, नगरपालिकेने कुलपाची किल्ली कोणाकडे असते ते पाटीवर लिहावे. दुकानदारांनी आपले स्वच्छतागृह गिऱ्हाईक बाईला वापरू द्यावे. शेतमालकाने बांधावर चार बांबू आणि गोणपाट यांचा आडोसा उभा करावा, त्याला अर्धा दिवसही लागत नाही. आणि घरातल्या पुरुषाने सून-मुलगी-बायकोबरोबर प्रवासाला निघताना वाटेत गाडी कोठे थांबणार, याचा विचार आधी करावा.

भगिनींनीही आपल्याकडून एवढे करावे : घरातून निघण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे आणि मग फुलपात्रभर पाणी प्यावे, जागा मिळेल तेथे लाज न बाळगता विचारावे आणि घरी परतल्यावर दिवसाची तूट भरून काढावी. जळजळ दोन दिवसांत थांबली नाही, ताप आला किंवा लघवीतून रक्त गेले तर डॉक्टरांकडे यावे. गरोदर बाईने तर दोन दिवसही थांबू नये. औषध पूर्ण दिवस घ्यावे, बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

उन्हातले कष्ट

कडक उन्हात अंगमेहनत करणाऱ्याला तासाला लिटरभर घाम सहज येतो. त्याने तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी ग्लासभर पाणी घ्यावे आणि घामाबरोबर मीठही जाते म्हणून मधून मधून ताक किंवा मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत घ्यावे. परंतु पाणी म्हणजे उन्हापासून चिलखत नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघाताने गेले, हे आपण विसरता कामा नये. दुपारी बारा ते चार सावली हवीच. उन्हात कोणी बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

म्हाताऱ्या माणसांकडे विशेष लक्ष द्यावे. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते. ‘आजोबा, पाणी हवे का?’ असे विचारले तर ते नको म्हणतात. विचारू नये, हातात पेला द्यावा.

पाणी बेताने कोणी प्यावे?

पाणी जास्त झाले तरी नुकसान होते. हृदय अशक्त होऊन पायांवर सूज येणारे, मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसवर असणारे आणि यकृताच्या विकाराने पोटात पाणी झालेले रुग्ण यांनी डॉक्टरांनी ठरवून दिले तेवढेच पाणी प्यावे. अशा रुग्णाला ‘पाण्याने किडनी साफ होते’ असे सांगून चार लिटर पाजणारे हितचिंतक त्याला अतिदक्षता विभागात पोचवतात. निरोगी माणसानेही घटाघट तीन-चार लिटर एकदम पिऊ नये, त्याने रक्तातले सोडियम घसरून झटके येऊ शकतात. सकाळच्या पाण्याने मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळे बरे होते, अशी पत्रके पूर्वी वाटली जात, आता तीच मोबाईलवर फिरतात. सकाळी एक-दोन पेले पाणी पिण्याची सवय चांगली आहे, पण त्यासाठी चालू औषधे बंद करू नयेत.

सहा महिन्यांखालच्या बाळाला, ऐन उन्हाळ्यातही, वरचे पाणी देऊ नये. आईच्या दुधात त्याला लागणारे सगळे पाणी असते. पाणी आईने प्यावे.

लक्षात ठेवा

• दिवसा लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी प्या. साध्या कामाच्या माणसाला आठ-दहा पेले पुरतात, उन्हाळ्यात वाढवा.

• घरातले फुलपात्र किती मिलिलिटरचे आहे ते एकदा मोजून ठेवा.

• पाणी गाळून, उकळून थंड केलेले किंवा क्लोरीन घातलेले असावे. माठात हात बुडवू नये, ओगराळे वापरावे.

• जुलाब-उलट्या झाल्यास नुसते पाणी पुरत नाही. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे.

• मूतखडा किंवा लघवीचा संसर्ग वारंवार होत असेल तर पाणी वाढवा. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

• आज संध्याकाळी घरातल्या बाईला आणि शाळेतून आलेल्या मुलीला एक प्रश्न विचारा : दिवसभरात पाणी किती प्यायलीस? उत्तर ‘एक-दोन घोट’ असे आले, तर कारणही विचारा. आणि ते कारण शाळेत, कचेरीत किंवा नगरपालिकेत दूर होण्यासारखे असेल, तर उद्या सकाळी तेथे जाऊन बोला.